कागदावरचे गाव

साताऱ्यात एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या घरी, माजघरातल्या लोखंडी कपाटात, जाड पुठ्ठ्याच्या नऊ वह्या आहेत. त्यांत कोरे चेक आहेत, मुदत ठेवीच्या पावत्या आहेत, कोपरे दुमडलेली पासबुके आहेत, भागधारकांना दिलेली प्रमाणपत्रे आहेत. हे सारे कागद ज्या बँकांचे, त्यांतील बहुतेक आज अस्तित्वात नाहीत. या गृहस्थांना मी दहा-बारा वर्षे ओळखतो. निमित्त मोडीचे होते. त्यांच्याकडे आलेल्या काही जुन्या हुंड्या वाचून द्यायला कोणीतरी हवे होते, आणि महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोडी येत असणारच, असा त्यांचा समज होता. (तो सर्वस्वी खरा नव्हता, पण त्या हुंड्यांनी मला ती शिकायला लावली.)

गेल्या दिवाळीत त्यांनी एक नवीन पान उघडून दाखवले. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून आणलेली पाच डॉलरची जुनी नोट त्यावर होती. १९२९च्या मालिकेतली, लिंकनच्या चित्राची, तपकिरी शिक्क्याची. चित्राच्या डाव्या बाजूस आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावाचे नाव आणि तिथल्या बँकेचे नाव ठळक काळ्या अक्षरांत छापलेले होते. खाली त्या बँकेच्या कॅशियरची आणि अध्यक्षाची सही. ते म्हणाले, "सर, हे गाव आपल्या रहिमतपूरएवढंसुद्धा नसेल. मग आपल्या साताऱ्याची अशी नोट का नाही?"

प्रश्न साधा होता, आणि मी त्याला वर्गात देतो तसे गोलमाल उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र तो सुटेना.

अमेरिकेतली हकिकत थोडक्यात अशी. तिथे यादवी युद्ध चालू असताना, २५ फेब्रुवारी १८६३ रोजी, राष्ट्रीय चलनाचा कायदा झाला. त्याआधी तिथे निरनिराळ्या राज्यांच्या परवान्यावर चाललेल्या शेकडो बँका आपापल्या नोटा काढत; कुठली खरी, कुठली खोटी आणि कुठल्या बँकेचे दिवाळे वाजले आहे हे कळायला व्यापाऱ्यांना छापील मार्गदर्शिका जवळ बाळगाव्या लागत. नव्या कायद्याने असे ठरवले की, जी बँक केंद्र सरकारची सनद घेईल आणि सरकारी कर्जरोखे विकत घेऊन ते सरकारी तिजोरीत तारण ठेवील, तिला त्या तारणाच्या प्रमाणात नोटा मिळतील. नक्षी सर्वांची एकच. मात्र गावाचे नाव, बँकेचे नाव आणि सनदेचा क्रमांक ज्याचा त्याचा. सरकारला युद्धखर्चासाठी रोख्यांना गिऱ्हाईक हवे होते, हा त्यातला खरा हेतू. १८६५मध्ये राज्यांच्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवून त्या बाजारातून उठवल्या गेल्या. १९००च्या कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात बँक काढायला लागणारे भांडवल ५० हजार डॉलरवरून २५ हजारांवर आणले, आणि मग गवताळ प्रदेशातल्या अगदी किरकोळ गावांनीही सनदा घेतल्या. १९३५मध्ये तारणाला ठेवलेले रोखेच सरकारने परत घेतले, तेव्हा हे सगळे संपले. तोवर १४ हजारांहून अधिक सनदा दिल्या गेल्या होत्या आणि १२ हजारांहून अधिक बँकांनी नोटा काढल्या होत्या.

पूर्वी या नोटा बिनकापलेल्या तावांत बँकेकडे येत. गावचा कॅशियर आणि अध्यक्ष त्यांवर टाकाने सह्या करत, मग कात्रीने नोटा सुट्या केल्या जात. कात्री सरळ चाललीच पाहिजे असे नव्हते. संग्राहकाला आज आनंद होतो तो अशा वाकड्या कापलेल्या कडेचा आणि फिकट झालेल्या शाईचा. तिथे लोक आपल्या आजोळच्या गावाची नोट शोधत वर्षानुवर्षे घालवतात. एखाद्या गावाच्या दोनच नोटा शिल्लक असल्या तर त्या दोन कोणाकोणाकडे आहेत, याच्याही याद्या ठेवल्या जातात.

आता आपल्याकडे. गंमत म्हणजे अमेरिकेने नोटा गावोगाव वाटून देण्याच्या दीडेक वर्ष आधीच हिंदुस्थानात नेमके उलटे घडले होते. तोवर बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या इलाखा बँका आपल्या नोटा काढत असत. १८५७नंतर तिजोरी सावरण्यासाठी जेम्स विल्सन हा लंडनचा अर्थतज्ज्ञ, 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक, कलकत्त्यास आला. त्याने कागदी चलनाची योजना मांडली आणि १८६०च्या ऑगस्टमध्ये तो तिथेच वारला. योजना त्याच्या मागून आलेल्या सॅम्युएल लँगच्या हातून १८६१च्या कायद्यात उतरली आणि १ मार्च १८६२पासून नोटा काढण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे गेला. बँक ऑफ बॉम्बेच्या बाबतीत हे बरेच झाले म्हणायचे. कापसाच्या सट्ट्यात ती बँक पुढे चारपाच वर्षांतच बुडाली आणि १८६८मध्ये त्याच नावाची नवी काढावी लागली.

म्हणून सातारा किंवा सांगली यांच्या नावाची नोट निघालीच नाही. निघणे शक्यच नव्हते. सरकारी नोटेवर गावाचे नाव असे, पण ते 'सर्कल'चे. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मुख्य. पुढे कानपूर, लाहोर, कराची, रंगून. मुंबईच्या हाताखाली नागपूर व अकोल्यालाही काही काळ कचेरी होती, म्हणजे मराठी मुलखापैकी वऱ्हाडाला तो मान मिळाला, कृष्णाकाठाला नाही. ज्या सर्कलची नोट त्याच सर्कलमध्ये ती कायद्याने चाले. कलकत्त्याची नोट साताऱ्याच्या पेठेत घेऊन येणाऱ्याला बट्टा सोसावा लागे. १९०३पासून १९११पर्यंत टप्प्याटप्प्याने पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा सर्वत्र चालू झाल्या. टपालाने पैसे पाठवायचे तर नोट मधोमध कापून एक तुकडा आधी धाडायचा आणि तो पोचल्याचे पत्र आले की दुसरा धाडायचा, अशी रीत होती. आमच्या स्नेह्यांच्या चौथ्या वहीत अशी एक सांधलेली नोट आहे. दोन तुकड्यांच्या रंगात आजही फरक दिसतो.

पण नोट नव्हती म्हणून आपल्या गावांच्या नावाचा कागदच नव्हता, असे समजणे चूक ठरेल. तो होता, आणि अमेरिकेतल्या गवताळ गावांच्या किती तरी आधीपासून होता. हुंडी म्हणजे दुसरे काय? वाई, सातारा, मिरज, सांगली इथल्या पेढ्यांनी लिहिलेली चिठ्ठी पुण्याला, मुंबईला, काशीला पटत असे. दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी पटवायची, मुदती म्हणजे ठरल्या मितीला. रक्कम लिहिताना तिची निमपटही लिहायची, म्हणजे आकड्यात फेरफार करणाऱ्याला दोन ठिकाणी हात मारावा लागे. हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की उरलेल्या कागदाला 'खोखा' म्हणायचे. मला हा शब्द फार आवडतो. संग्राहकाच्या हाती येते ते बहुधा खोखेच. ज्याच्यातला पैसा निघून गेला आणि नुसता विश्वास उरला, असा कागद.

इथे एक गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. विश्वासाचा हा कागद पेठेतल्यांपुरता होता. खेड्यातल्या कुणब्याला कागद भेटे तो कर्जरोख्याच्या रूपाने, आणि त्यावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा सुरू झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकाराच्या जिवाला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. त्यांनी मागितले ते कागद, आणि ते जाळले. १८७९चा दक्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके त्या वेळी साताऱ्यातच होते. कर्जरोखा गावच्या निबंधकापुढे वाचून दाखवून नोंदवल्याशिवाय ग्राह्य धरायचा नाही, हे त्या कायद्यातले मोठे कलम. जुन्या कागदांचे वेड लागलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. आपण जो कागद जपतो आहोत, तोच कागद कोणाच्या तरी आजाने जिवावर उदार होऊन जाळला होता.

बँका आल्या त्या या पार्श्वभूमीवर. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाल्या आणि त्यांच्यामागे स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या कितीतरी लहान बँका कोसळल्या. देशी माणसाने बँक काढणे म्हणजे लोकांना बुडवणे, अशी भावना असण्याचे ते दिवस. अशा वेळी, १९१६मध्ये, पटवर्धनांच्या संस्थानी राजधानीत सांगली बँक निघाली. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३मध्येच वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली होती; ती १९५६च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. त्यांच्याच पुढाकाराने १९३६मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. मिरजेत १९२९मध्ये मिरज स्टेट बँक, कोल्हापूर-सांगली भागासाठी १९४३मध्ये रत्नाकर बँक, कराडात १९४६मध्ये बँक ऑफ कराड. हळद, गूळ, शेंग यांच्या पेठा आणि किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी यांसारखे कारखाने या पट्ट्यात होते. पैसा इथलाच होता, तो फिरवणारे इथलेच लागत होते. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे हळद टिकते हे मुंबईच्या साहेबाला समजावून सांगायला जितका वेळ लागला असता, तितक्या वेळात सांगलीचा मॅनेजर पेठेत एक फेरी मारून येत असेल.

या बँकांच्या कागदांत इतिहास कसा दडून बसतो, याची दोन उदाहरणे मला वह्यांतून मिळाली. मिरज संस्थान १९४८मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. राजा गेला, संस्थानी कोर्टाचे स्टॅम्प गेले, पण 'मिरज स्टेट बँक' हे नाव ती बँक १९८५मध्ये युनियन बँकेत विलीन होईपर्यंत टिकले. म्हणजे सदतीस वर्षे एका नसलेल्या राज्याचे नाव लोकांच्या चेकबुकावर होते, आणि नव्या पिढीतल्या कित्येकांना ती भारतीय स्टेट बँकेची शाखा वाटत असे. दुसरे उदाहरण पत्त्याचे. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेली संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली असे बदलले. त्यामुळे एखाद्या पावतीवर 'जि. दक्षिण सातारा' असा रबरी शिक्का दिसला की तारीख पुसट असली तरी ती त्या अकरा वर्षांतली आहे, असे बिनचूक सांगता येते. आमचे स्नेही असा शिक्का दिसला की त्यावर पेन्सिलीने बारीक वर्तुळ करतात. मी त्यांना ते करू नका म्हणून अनेकदा विनवले आहे.

तरीही त्यांच्या मूळ प्रश्नातली हळहळ मला पुरती पटत नव्हती. कारण अमेरिकेतल्या त्या नोटेत एक मेख आहे. नोटेवर नाव गावाचे होते, पण हमी वॉशिंग्टनची होती. गावची बँक बुडाली तरी नोट बुडत नसे, तारण ठेवलेले रोखे विकून सरकार तिचे पैसे देई. त्याच बँकेत ठेव ठेवणारा मात्र बुडे. म्हणजे ज्याच्या हातात गावच्या नावाचा सुंदर छापील कागद तो सुखरूप आणि ज्याने गावावर खरा विश्वास टाकला तो उघड्यावर. आपल्याकडच्या बँकांना नोट काढता येत नव्हती. त्यांच्याकडे होता तो फक्त दुसरा कागद, ठेवीची पावती. तिच्यामागे तारण होते ते संचालकांच्या शब्दाचे. ठेवींना विमा मिळाला तो पुढे, केरळातली पालाई सेंट्रल बँक १९६०मध्ये बुडाल्यानंतर, १९६१च्या कायद्याने.

आणि शब्दही दर वेळी टिकला असे नाही. बँक ऑफ कराडचे नाव देशभर झाले ते १९९२च्या रोखे घोटाळ्यात. ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा 'बँक रिसीट' तिच्या मुंबईतल्या व्यवहारांतून निघाल्या होत्या. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाचे नाव दलाल स्ट्रीटवर असे गाजले. बँक गुंडाळावी लागली आणि १९९४मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. कराडच्या शेतकऱ्याचा किंवा मास्तराचा त्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. गावच्या नावाची बँक गावाचीच राहते, हे गृहीत धरायला ही एकच हकिकत हरकत घेते. माझे स्नेही आयुष्यभर बँकेत राबलेले असूनही, किंवा त्यामुळेच, या विषयावर बोलायचे टाळतात. त्यांच्या सातव्या वहीत 'कराड' असे मथळ्यात लिहिलेले एक पान आहे. त्यावर अजून काही चिकटवलेले नाही.

लहान माशाला मोठा मासा गिळतो ही ओरड आपण २००६-०७मध्ये फार ऐकली. पण युनायटेड वेस्टर्ननेही युनियन बँक ऑफ कोल्हापूर आणि साताऱ्याचीच स्वदेशी कमर्शियल बँक आपल्यात घेतली होती. तेव्हा कोणी हळहळले असेल, तर त्याची नोंद मला कुठे आढळलेली नाही. पुढचे सर्वांना माहीत आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला दहा हजारांपलीकडे रक्कम काढता येईना, आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले. सांगली बँकेच्या आणि आयसीआयसीआय बँकेच्या संचालकांनी त्याच वर्षी डिसेंबरात विलीनीकरण ठरवले आणि १९ एप्रिल २००७पासून ते अमलात आले. रत्नाकर बँक टिकली, वाढलीही. २०१४मध्ये तिने आपले नाव आद्याक्षरांपुरते ठेवले. सात महिन्यांच्या आत सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे त्यांनी जन्माला घातलेल्या मोठ्या बँकांसह कागदावरून उतरली.

ठेवीदारांचे पैसे वाचले, आणि तेच महत्त्वाचे होते, हे मी मनापासून म्हणतो. माझ्या वडिलांकडे एका स्थानिक बँकेचे शेअर होते. ते दर वर्षी वार्षिक सभेला धुतलेला सदरा घालून जात आणि परत आल्यावर सभेत कोण काय बोलले ते आईला सांगत. त्यांच्या शेअरांची किंमत त्यांच्या पेन्शनपुढे काहीच नव्हती. पण 'आमची बँक' असे ते म्हणत, तेव्हा त्या 'आमची'त जे होते ते विलीनीकरणाच्या कुठल्याही गुणोत्तरात बसणारे नव्हते. आज त्यांचे खाते मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या एका बँकेत आहे, सेवा चांगली आहे, तक्रार करायला जागा नाही. सभा मात्र नाही.

राहता राहिला प्रश्न कागदांचा. पटलेले चेक आणि व्हाउचरे बँकांनी आठ वर्षे ठेवायची, असा १९८५चा नियम आहे. त्यानंतर ती नष्ट होतात. म्हणून खऱ्या व्यवहारात फिरलेला, पाठीमागे सह्या असलेला चेक मिळणे दुर्मीळ. सापडतात ते गिऱ्हाइकाच्या चेकबुकात न वापरता उरलेले. १९२७पर्यंत चेकवर एक आण्याचे मुद्रांक शुल्क असे. तसा चेक एखाद्या पेढीच्या दप्तरातूनच निघाला तर निघेल. २०१०च्या प्रमाणकानंतर सगळ्या बँकांच्या चेकची मांडणी एकसारखी झाली, तेव्हा पुढच्या पिढीच्या संग्राहकाला नक्षीतला फरक शोधण्याचे सुख उरणार नाही. आणि चेक तरी किती दिवस?

सांगलीत याला आणखी एक शत्रू आहे, कृष्णा. २००५च्या पुरात हरिपूरची पेवे गेली. २०१९च्या ऑगस्टमध्ये जिल्हा नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. तळमजल्यावरच्या ट्रंकांमध्ये किती पासबुके आणि किती चोपड्या लगदा झाल्या, याची गणती कोणी केली नाही, कारण त्या कोणाच्याही यादीत नव्हत्या. पूर ओसरल्यावर एका रद्दीवाल्याकडे मी चिखल वाळलेल्या खतावण्यांचा ढीग पाहिला. पाने सुटी होत नव्हती. तो म्हणाला, "सर, ह्याचं वजन मी ओलं धरलेलं नाही, सुकं धरलंय. घेऊन जा." मी दोन आणल्या. एकीची चार पाने वाचता येतात. त्यांत १९५०च्या दशकातली गुळाची उचल आहे, आणि एका नावासमोर मोडीत 'मयत, मुलाकडे वर्ग' असे लिहिलेले आहे.

दिवाळीनंतर पुन्हा साताऱ्याला गेलो तेव्हा स्नेह्यांना हे सारे सांगितले. विल्सन, सर्कल, तारण वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आयोवाची ती नोट पहिल्या वहीतून काढून शेवटच्या वहीत, परदेशी कागदांच्या पानावर नेऊन ठेवली. रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी एक कोरा चेक लावला. त्यावर शाखेचे नाव आहे, चेकचा क्रमांक आहे, आणि तारखेच्या जागी छापलेले '१९' आहे. पुढचे दोन आकडे खातेदाराने भरायचे होते. पेन्सिल त्यांच्या कानावर होती. मी पाहत होतो म्हणूनच बहुधा, ती त्यांनी काढली नाही.